रिकाम्या दिव्यातली हालचाल

सव्वाचारला मामांचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावायची गरज कधीच संपली होती. आधी पाठ जागी व्हायची, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी मामा. अंधारात चार मजले उतरायचे, पहिली बस धरायची आणि उजाडायच्या आत पुन्हा एका अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचं. म्हणून कामावरची सुईवाली, म्हणजे अंड्यांत सुई टोचणारी बाई, त्यांना घुबडमामा म्हणायची.

"घुबड तर घुबड," मामा म्हणायचे. "त्याला अंधारात दिसतं तरी."

ती खोली लसींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होती. चारी भिंती काळ्या. टेबलावर पत्र्याचा डबा, डब्यात दिवा आणि डब्याला अंड्याच्या बुडाएवढं भोक. कोंबडीचं दहा-अकरा दिवस उबवलेलं अंडं त्या भोकावर धरलं की आतला सगळा संसार दिसायचा. वर हवेची पोकळी, खाली लाल शिरांचं जाळं, मध्ये काळपट गोळा. तो गोळा म्हणजे पिल्लू. जिवंत असेल तर शिरा ताज्या दिसतात आणि गोळा आपणहून हलतो. मेलेलं असेल तर शिरा पुसट होतात आणि अंडं फिरवू तसा गोळा नुसता लोंबतो.

काम एवढंच. पण ते एका बैठकीत दोन-तीनशे वेळा करायचं, दुहेरी हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद चष्मा लावून. बसून काम म्हणजे आराम असं ज्याला वाटतं त्याने एक सकाळ तिथे मान घालून बघावं.

मामांनी आधी अठरा वर्षं कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात हेच केलं होतं. तिथे एका पाळीला पाच हजार अंडी. एखादं मेलेलं नजरेतून सुटलं तर एक पिल्लू कमी निघायचं, कोणाचं काही अडायचं नाही. केंद्र बंद पडलं आणि मामांची नजर बघून संस्थेने त्यांना दिव्यावर घेतलं. इथे अंडी कमी होती, पण प्रत्येक अंड्याला माणसासारखा नंबर होता. मामांनी स्वतःच स्वतःला नियम घालून घेतला. गोळा हलला नाही तर मनात दहापर्यंत मोजायचं. अंडं फिरवायचं. पुन्हा दहा. तरी नाही हलला, तरच पेन्सिलीने फुली. हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता आणि त्याबद्दल कोणी जास्तीचं काही देतही नव्हतं.

त्या वर्षी पक्ष्यांचा एक ताप माणसांत उतरायला लागला होता. त्याच्यावर लस करायची तर आधी त्याचा विषाणू लुळा पाडायला हवा. प्रयोगशाळेच्या मॅडमनी दोन वर्षं घालवून तो तसा केला होता. "दात काढलाय त्याचा," त्या म्हणायच्या. दात खरंच निघाला का, हे अंडी सांगणार होती. सुईवाली तो विषाणू अंड्यांत टोचणार, मामा रोज सकाळी बघणार. पिल्लं जगली तर दात निघाला. मेली तर दात शाबूत.

यात पहिली सकाळ सगळ्यात मोलाची. सुईच्या धक्क्यानेच काही पिल्लं मरतात. म्हणून पहिल्या चोवीस तासांत जी मेली ती सुईच्या नावावर टाकायची आणि बाजूला काढायची. त्यानंतर जी मरतील ती विषाणूच्या नावावर. पहिल्या सकाळी मेलेलं अंडं जिवंतांत राहिलं, तर पुढे त्याचं पाप विषाणूच्या माथी बसणार.

मंगळवारी सुईवालीने एकशेवीस अंडी टोचली. बुधवारी सकाळी मामांनी ती दिव्यावर धरली. गेल्या तीन महिन्यांपासून त्यांच्या चष्म्यावर जरा जास्तच वाफ धरत होती. वाफ सगळ्यांच्याच चष्म्यावर धरते, म्हणून कोणी काही बोललं नाही, मामाही बोलले नाहीत. मोजले, फिरवले, पुन्हा मोजले. बहुतेक अंड्यांत दहाच्या आतच काहीतरी हललं. फुली फक्त तीन अंड्यांवर पडली.

"तीनच?" सुईवालीने ट्रे मोजला. "एरवी दहा-बारा असतात. हात हलका झाला माझा. मॅडमना सांगा."

"तूच सांग. मी सांगितलं तर म्हणतील, मामाला चहा पाजला असेल."

"तुम्हाला चहा पाजून कुठे काय होतं? तुम्ही कपही दिव्यावर धरून बघता."

गुरुवारी चार अंडी मेलेली निघाली. शुक्रवारी सात. अकरा पिल्लं, आणि ती सगळी पहिल्या दिवसानंतरची. म्हणजे विषाणूच्या नावावर.

मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करणारा एक जण होता. त्याला सगळे आत्ताच डॉक्टर म्हणायचे आणि तो दर वेळी "अजून नाही" म्हणायचा. शुक्रवारी तो दिव्याच्या खोलीत येऊन दाराला टेकला.

"मामा, अकरा?"

"अकरा, डॉक्टर."

"अजून नाही," तो म्हणाला, पण सवयीने. "आता तर होणारही नाही. दात आहे अजून. सोमवारी मॅडम ठरवतील, पण ठरवण्यासारखं काय उरलंय? हे सगळं जाळायचं आणि पहिल्यापासून सुरुवात."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"दोन वर्षं." तो घड्याळाकडे बघायला लागला. "माझी मुलगी तोवर शाळेत जायला लागेल."

शनिवारी अर्धा दिवस. अंडी नव्हती, साफसफाई होती. मामांनी चष्मा उतरवून ठेवला, दिवा लावला आणि भोकाच्या कडेला चिकटलेलं मेण नखाने खरवडायला वाकले. भोक रिकामं होतं. तरी त्यात काहीतरी हललं.

मामा थांबले. बघत राहिले. पिवळ्या उजेडात एक काळपट गोळा वरून खाली हळूच उतरला, थोडा डुलला आणि कडेला गेला. एखाद्या अकरा दिवसांच्या पिल्लासारखा. मामांनी सवयीने मोजलं. सातवर तो पुन्हा आला.

त्यांनी भोकावर फडकं फिरवलं. दिवा बदलला. मग उजवा डोळा झाकला. भोक स्वच्छ, नुसता उजेड. डावा झाकला. गोळा परत आला, डुलत.

दिव्यावर मामा नेहमी उजवाच डोळा लावायचे. पंचवीस वर्षांची सवय.

ते स्टुलावर बसले. मग एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात गच्चीवर कपडे काढताना ते सारखे माशी हाकलत होते आणि बायको म्हणाली होती, कुठेय माशी? सकाळच्या बसमध्ये डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकायची, ती त्यांना समोरच्या गाड्यांची वाटायची. आणि बुधवारची ती अंडी. दहाच्या आत हललेली. अंड्यात काहीच हललं नव्हतं. हललं होतं ते मामांच्या डोळ्यात. मेल्यावर शिरा पुसट व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून ती गुरुवारी-शुक्रवारी कुठे ओळखू आली.

खोली पुसून, दिवा बंद करून ते घरी आले. चार मजले चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मामांची बायको आठवड्यातून दोनदाच खाली उतरायची. तिचे गुडघे गेले होते. एकदा उतरली की चढताना प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसायची, आणि शेजारीपाजारी तिला ओलांडून जाताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलायचे. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती. तिथला म्हातारा नव्या वर्षात मुलाकडे जाणार होता. त्या खोलीसाठी मामा सहा वर्षं पैसे बाजूला टाकत होते. तोवर दिव्यावर काढलं की जमत होतं. मामांचं काम वर्षाच्या करारावर होतं, आणि करार होता तो त्यांच्या नजरेसाठी. हातपाय तर कोणाचेही चालले असते.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

"बोललात तर काम जाईल?"

"दिव्याचं जाईलच."

"आणि नाही बोललात तर?"

"तर सोमवारी सगळं जाळतील. दोन वर्षांचं. विषाणूने काही केलेलं नसताना."

"त्यांना कळेल का कधी, की तुमच्यामुळे?"

"नाही."

ती गुडघा चोळायला लागली. मामा वाट बघत होते हे तिला दिसत होतं.

"अहो, मला विचारू नका," ती म्हणाली. "मी बोला म्हटलं तरी माझ्यावर ढकलाल, नका बोलू म्हटलं तरी माझ्यावरच. तुमचा डोळा, तुम्ही बघा."

रविवार गेला. कसा गेला ते मामांना नीट सांगता आलं नसतं. दुपारी ते खिडकीत बसून आळीपाळीने एकेक डोळा झाकत होते.

सोमवारी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. मॅडमचं वय मामांएवढंच, आणि त्या दिवशी चेहराही तेवढाच दमलेला. शेजारी डॉक्टर कागद लावत होता. मामांनी जेवढं होतं तेवढं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे शुक्रवारी का नाही सांगितलंत?"

"शुक्रवारी मला माहीत नव्हतं. शनिवारी कळलं."

"मग शनिवारी?"

"शनिवारी धीर झाला नाही."

मग डॉक्टर म्हणाला, "पण मामा, हे सिद्ध कसं करायचं? तुम्ही म्हणता आधीच मेली होती. कशावरून?"

"फोडून बघा," मामा म्हणाले. "ती अकरा अजून फ्रीजमध्ये आहेत ना? मेलेलं पिल्लू वाढत नाही. बुधवारच्या आधी गेलं असेल तर बुधवारएवढंच असेल. शुक्रवारी गेलेल्याला पिसांचे कोंब जास्त आलेले असतील, चोचही मोठी असेल. दिव्याचीही गरज नाही. काचेबाहेरून मला डाव्या डोळ्यानेसुद्धा सांगता येईल."

काचेच्या बंद कपाटात एकेक अंडं फोडलं. मामा बाहेर उभे होते, डॉक्टर आत हात घालून पिल्लं पट्टीवर मोजत होता. अकरांतली नऊ लहान निघाली. दोन मोठी. ती दोन खरंच उशिरा गेली होती, का ते कोणालाच माहीत नव्हतं. पण दोन म्हणजे अकरा नव्हेत. मॅडमनी जाळायचं थांबवलं आणि चाचणी नव्याने लावली.

सुईवालीला दुपारी सगळं कळलं. ती दिव्याच्या खोलीत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे माझा हात होता तेवढाच जड, आणि तुमचा डोळा मंद. जोडी बरी जमली होती आपली."

"तुझ्या हाताचं नाव खराब झालं माझ्यामुळे."

"नाव होतं कुठे खराब व्हायला?" तिने स्टूल ओढलं. "चला, शिकवा आता दिवा. मॅडमनी मला सांगितलंय. वर पैसे काही देणार नाहीत, ते वेगळं."

मामांनी शिकवलं. दहापर्यंत मोजणं, फिरवणं, पुन्हा मोजणं. आणि एक नवीन. रोज पहिलं अंडं उचलायच्या आधी रिकाम्या भोकाकडे दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघायचं आणि दहा मोजायचे. मॅडमनी ते कामाच्या सूचनांत घातलं. टंकलेला कागद दिव्याच्या वर चिकटवला गेला, खाली तारीख. मामांचं नाव त्यावर नव्हतं, आणि तशी पद्धतही नव्हती.

पुढच्या चाचणीत पिल्लं जगली. डॉक्टरने येऊन सांगितलं तेव्हा मामा धुलाईच्या खोलीत ट्रे घासत होते. तिथेच त्यांना वर्ष संपेपर्यंत ठेवलं होतं.

"दात निघालाय, मामा."

"मग लस कधी?"

"आता दुसऱ्या प्राण्यांवर. मग थोड्या माणसांवर, मग जास्त माणसांवर. जमलं तर पाच-सात वर्षं. नाही जमलं तर नाही."

मामांनी मान हलवली आणि पुढचा ट्रे घेतला. त्यांना ते पटलं. कष्टाचं काम असंच असतं, निम्मं तर फुकट जातंच.

डोळ्याच्या दवाखान्यात मॅडमनी त्यांना त्या सोमवारीच पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून उजेड मारून पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस वीज चमकतेय?"

"तीन महिने असतील."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"चष्मा पुसला."

बाई हसल्या नाहीत. डोळ्याच्या मागचा पडदा फाटला होता आणि सुटायला लागला होता. अजून आठवडाभर ट्रे उचलले असते तर पूर्ण सुटला असता. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. वर्षाच्या करारावरच्या माणसाचे डोळे संस्थेच्या औषधपाण्याच्या खर्चाच्या यादीत बसत नव्हते. मॅडमनी दोनदा फोन केले, तरी नाही.

बायकोनेच कपाटातून पासबुक काढून त्यांच्या हातात दिलं. खोलीच्या त्या पैशांतून त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, आणि डोळा भरून आल्यावरच मामा धुलाईच्या खोलीत गेले होते. म्हातारा नव्या वर्षात मुलाकडे गेला आणि मागच्या खोलीत एक नवरा-बायको राहायला आले. त्यांचं बाळ रडलं की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. मामांची बायको अजून आठवड्यातून दोनदा उतरते, आणि आता मामा घरीच असल्यामुळे प्रत्येक मजल्यावर तिच्या शेजारी पायरीवर बसतात. काळा गोळा अजूनही कधी कधी डुलत येतो. तो जाणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण समोरच्या भिंतीवरचा मजल्याचा आकडा त्यांना दोन्ही डोळ्यांनी वाचता येतो. पंचवीस वर्षं दिव्यासमोर बसून मामांनी जे काही साठवलं, त्यातून शेवटी एकच गोष्ट विकत घेता आली: त्यांचाच उजवा डोळा.