न चिरलेला भोपळा

मी तोंडानं फटकळ आहे. सासरच्यांनी हे मला पहिल्याच वर्षी ऐकवलं आणि मी ते कबूलही केलं. पुढं तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकली, त्यात जिभेला आणखी धार आली. तर आमचे हे फौजेतून कायमचे घरी आले आणि म्हणाले, "आता विहिरीच्या कडंला भोपळा लावणार," तेव्हा मी काय म्हणाले असेन ते तुम्हीच समजा. "सरहद्द राखून आलात ते भोपळा राखायला?" असंच काहीतरी. हे नुसते हसले.

साधा भोपळा नव्हता तो. आमच्या गावापासून औंधच्या बाजूला एका ठिकाणी पौषातल्या जत्रेला भाजीपाल्याचं प्रदर्शन भरतं. त्यात सगळ्यात वजनदार भोपळ्याला फेटा आणि नारळ मिळतो. त्या फेट्यापायी सातारा-सांगलीची शहाणी माणसं सहा-सहा महिने वेलाजवळ खुर्ची टाकून बसतात. ह्यांनी पहिल्या वर्षी बाजारातलं बी आणून लावलं. भोपळा चांगला पाटीएवढा झाला. तो घेऊन हे ऐटीत प्रदर्शनात गेले आणि तिथले भोपळे बघून तोंड पाडून परत आले. म्हणाले, "अगं, खत-पाणी काय कुणी बी घालतंय. खरी गोम बियात हाय. आणि चांगलं बी इकत मिळत न्हाई."

ते खरंच विकत मिळत नाही. ह्या लोकांची रीतच तशी आहे. बियाच्या बदल्यात बी, दुसरा व्यवहार नाही. तुमच्याकडं द्यायला काही नसेल तर तुम्हाला घ्यायलाही काही नाही. आमच्या ह्यांना पहिलं बी दिलं ते तासगावच्या भाईंनी. भाई म्हणजे बेदाण्याच्या शेडची लोखंडी कामं करणारे, जाळ्या ताणून देणारे. ह्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी थोरले, बारीक अंगाचे, डोक्यावर विणलेली टोपी. घरामागं त्यांचा चार-पाच गुंठ्यांचा तुकडा होता. त्यांनी तीन बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या आणि एवढंच सांगितलं, "फौजी, फळ झालं तर त्यातलं बी मला परत आणून द्यायचं. न्हाई झालं तर नुसतं येऊन सांगायचं, पण यायचं."

हे गेले, आणि मग जातच राहिले. दर वैशाखात एक दिवस हे तासगावला तरी जायचे, नाहीतर भाई आमच्याकडं यायचे. सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, चादर अंथरून दोघं बिया मांडून बसायचे, आणि मी चहा देऊन देऊन दमायची. फळ केवढंही असलं तरी त्यातलं सगळं बी कामाचं नसतं, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. देठाकडचं सोडायचं, फुलाकडचं सोडायचं, पोटाच्या मधलं घ्यायचं. पाण्यात टाकलं की तरंगेल ते बाद. राहिलेलं सावलीत वाळवायचं. भाई तर बेदाण्याच्या जाळीवरच पसरायचे. मग एकेक बी अंगठ्यानं दाबून बघायचं आणि भाव करायचा. "तुमच्या पाचाला माझं तीन." "का? तुमच्या बियाला शिंगं फुटल्यात व्हय?" "फौजी, गेल्या साली फेटा कुणाच्या डोक्यावर बसला?" मी आतून ओरडायची, "आवं, पोरीचं लगीन ठरवताय का बी मोजताय?" दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

बरीच वर्षं अशी गेली. ह्यांनी बी निवडत निवडत आपलं एक वाण धरलं होतं, जाड सालीचं, लांबच्या प्रवासातही न तडकणारं. भाईंच्या वाणाची साल पातळ, पण वाढ दांडगी. दोन्ही एका फळात आणायची असं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. शेवटच्या वैशाखात भाई आमच्याकडं आले. पुडी ह्यांच्या हातात देऊन म्हणाले, "फौजी, पोराला शेड वाढवायची हाय. घरामागची जागा जाणार. हा पावसाळा आणि पुढचा, एवढंच माझं. हे दोन वाणांचं काम ह्या साली झालं तर पुढच्या साली मी ते लावून बघीन. मग वेल न्हाई का काय न्हाई." हे म्हणाले, "होणार म्हंजे होणार."

त्या पावसाळ्यात ह्यांनी भाईंच्या बियाचा वेल आणि आपला वेल शेजारी शेजारी चढवला. भाईंच्या वेलावरची मादी कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवली, म्हणजे मधमाशी दुसरीकडचा पराग आणून घालणार नाही. सकाळी आपल्या वेलावरचं नराचं फूल तोडून आणलं, दोरा सोडला, फूल फुलाला लावलं आणि परत बांधून टाकलं. तिकडं तासगावला भाईंच्या वेलांवर रोग आला. पानं पिवळी पडून आकसली, एक फळ धरलं नाही. म्हणजे दोघांची मेहनत, काय असेल ती, आमच्या विहिरीच्या कडंच्या एका फळात होती.

आणि फळ तरी कसं! मार्गशीर्षात ते तोडलं तेव्हा चार माणसांनी ताडपत्रीत घालून सोप्यावर आणलं. खाली गवताची जाड चुंबळ, त्यावर ते ठेवलं. ह्यांनी भाईंना फोन लावला आणि नुसते हसत राहिले. मला वाटतं पलीकडून भाईसुद्धा हसत असणार. प्रदर्शन झालं की भाईंच्या समोर कापायचा, असं ठरलं.

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी हे चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. मी आतून काहीतरी विचारलं. ओ आली नाही म्हणून रागानंच बाहेर आले. सगळं संपलं होतं.

मुलगा फौजेतच आहे, लांब ईशान्येला. तो आला, बापाचं सगळं केलं. सुतकात भोपळ्याकडं आणि प्रदर्शनाकडं कोण बघतंय? चौदाव्या दिवशी तो परत निघाला तेव्हा दारात थांबून म्हणाला, "आई, हा?" मी म्हणाले, "राहू दे. तू सुट्टीवर आलास की चीर." आमच्याकडं अख्खा भोपळा बाईनं पहिल्यांदा चिरायचा नसतो. घरच्या पुरुषानं एक चीर द्यायची, मग बाईनं पुढचं करायचं. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मी शाळेत असल्या गोष्टींवर पोरांना हसवलेलं आहे. पण त्या दिवशी ती रीत मला फार सोयीची वाटली.

भाई माघात आले. तिसऱ्या दिवशी येऊन गेले होते, पण तेव्हा माझं कुणाकडं लक्षच नव्हतं. ह्या वेळी सोप्यावर भोपळ्याजवळ बसले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुमची हरकत नसंल तर मी सुरी लावतो. बी काढून, वाळवून निम्मं तुमाला पोचतं करतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मी म्हणाले, "माणूस जाऊन दोन महिने न्हाई झालं, आणि तुमाला बियांची घाई?"

त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. "चुकलं माझं, वहिनी," म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. मी त्यांना हाक मारायला हवी होती. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते.

गावातले दोघं-तिघं म्हणाले, "आमी चिरतो की, काकू." मी सगळ्यांना एकच सांगायची, घरचा पुरुष आल्याशिवाय नाही. खरं सांगायचं तर मी रोज सकाळी सोपा झाडताना भोपळाही फडक्यानं पुसायची. त्याच्याशी बोलायचीसुद्धा. "बघा, आज लाईट न्हाई," "बघा, पोराचा फोन आला." वेडी म्हणा. तो तिथं अख्खा होता तोवर ह्यांनी सुरू केलेलं एक काम तरी अजून संपलेलं नव्हतं. चैत्रात उन्हं तापली. सोप्यावर पत्रा. आत बसवत नव्हतं एवढी धग. मी दुपारी भोपळ्यावर ओलं पोतं टाकून ठेवायची.

वैशाखात मुलगा आला. आंघोळ केली, देवापुढं नारळ ठेवला आणि सुरी घातली. साल सुकून टणक झाली होती, सुरी दोन्ही हातांनी रेटावी लागली. भोपळा उघडला आणि आतून आंबूस वास आला. मी वाकून बघितलं. सगळं बी उगवलेलं होतं. पोटात पांढरी मुळं एकमेकांत गुंतून जाळं झालं होतं, त्यात फिकट पिवळे कोंब, काही सडून काळे पडलेले. मुलगा म्हणाला, "आई, हे असं कसं?"

कसं म्हणजे काय? ओल, ऊब आणि थोडी हवा मिळाली की बी उगवतं. तीस वर्षं मी हेच शिकवलं. टीपकागदावर मूग ठेवून, फळ्यावर आकृती काढून. आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, मीच पोतं ओलं करत होते. मी जमिनीवर बसले आणि रडले. हे गेले तेव्हा एवढी रडले नव्हते.

दुपारभर तो गर बोटांनी चाळला. शेवटी न उगवलेल्या तीन बिया हाताला लागल्या. त्या धुऊन, सावलीत वाळवून मी पुडीत बांधल्या आणि विट्याला गाडी बदलून तासगावला गेले. घर विचारत विचारत गेले. भाई घरामागच्या तुकड्यात होते. खड्डे घेऊन तयार होते, शेणखत घातलेलं होतं. शेडचे लोखंडी खांबही येऊन कडंला पडले होते. मला बघून त्यांनी खुर्ची आणली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी न पिताच पुडी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी एकेक बी अंगठ्यानं दाबलं. पहिलं दबलं. दुसरं दबलं. तिसरं त्यांनी नखानं उकललं, आत नुसता पापुद्रा. ती टरफलं त्यांनी फेकली नाहीत, परत पुडीत ठेवली. मला वाटलं आता तरी भाई बोलतील मला. बोलायलाच हवं होतं. मी म्हणाले, "भाई, रीत-बीत काही नव्हतं. तो भोपळा अख्खा होता तोवर मला वाटायचं, हे अजून गेले न्हाईत."

"ठाऊक हाय, वहिनी," ते म्हणाले. "माघात मी सुरीचं बोललो आणि तुमी भोपळ्यावर हात ठिवला. तवाच कळलं."

"आणि चैत्रात आत बी उगवंल, हे?"

"त्ये बी ठाऊक हुतं. लय ठेवलेली फळं कापल्यात मी."

मला एकदम संतापच आला. माझ्यावरचा होता, निघाला त्यांच्यावर. "आवं, मग एक फोन करायचा न्हाई का? तुमचा शेवटचा पावसाळा हा! दोन शब्द सांगायला काय जात हुतं तुमचं?"

भाईंनी पुडीची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खड्ड्यांकडं बघत म्हणाले, "सांगितलं असतं, तर तुमी कापला असता."