उन्हात मोजलेला वेग

सेनगावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलानं पत्र्यावर नवी डिश बसवली होती, तेव्हाची गोष्ट. पाऊस आला आणि ऐन मॅचमध्ये चित्राचे चौकोन होऊन थांबले. लोक हॉटेलवाल्याला शिव्या घालू लागले. कोपऱ्यात सुट्टीवर आलेला एक फौजी बसला होता, खांद्यावर घोंगडी, पायात फौजेचे बूट. मघापासून तो टीव्ही सोडून दारातून आभाळच बघत होता. त्यानं ग्लास टेबलावर आपटला.

"मॅच तुटली तर एवढी बोंब काहून मारून राहिले? वर आमच्या चौकीवर बर्फाचा कडा कुठं कोसळंल, त्याचा नकाशा असाच उपग्रहावरून येते. तो नकाशा किती वेगानं येते ते मोजायला साहेब लोक आले, ते कडक उन्हात. आकडा झकास आला, सही करून गेले. बर्फ पडायला लागलं की तोच नकाशा मुंगीच्या चालीनं सरकते!"

"म्हणजे येतच न्हाई का?" मी विचारलं.

"येते ना. माझा जोडीदार कड्याखाली गेला तवाबी नकाशा आला. पुरा आला, साफ आला. तवर आमी त्याला बर्फातून उकरून काढलं होतं."

आजही कुणी छाती फुगवून वेगाचा आकडा सांगितला की माझं डोकं फिरतं. मोजलं तेव्हा आभाळ कसं होतं, ते आधी सांगा.