बेचाळीस किलो वांगी

पुतणीच्या साखरपुड्याला भरीत कमी पडलं, ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही.

मी धुळ्याला शाळेत गणित शिकवतो. शेकडेवारी हा माझा हातखंडा. पोरांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो, टक्का दिसला की आधी विचारा, कशाचा? ते विचारलं नाही तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की वर्गात मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "कशाचा?"

खरं तर ही शेकडेवारी मला कुठल्या मास्तरांनी शिकवली नाही. आमचं गाव यावलजवळ. मी नववीत असताना मोठ्या भावाचं, नानाचं लग्न झालं आणि सावद्याहून वहिनी घरात आली. तिची शाळा सातवीत सुटलेली, पण माझा अभ्यास तीच घ्यायची. चुलीसमोर भाकरी थापता थापता गणितं घालायची. "भाऊ, दहा भाकरी केल्या. तीस टक्के करपल्या. त्यातल्या निम्म्या तुमच्या ताटात. किती खाल?" मी म्हणायचो, "करपलेल्यातल्या निम्म्या, की चांगल्यातल्या?" ती पिठाचा हात कपाळाला लावून हसायची. "आता कसं इचारलं! बसा आता, चांगल्यातली देते."

म्हणजे 'कशाचा' हे विचारायला मी तिच्याकडूनच शिकलो.

साखरपुडा थंडीत ठरला. मुलाकडचे धुळ्याचे. नाना म्हणाला, हॉल नको, शेतातच भरीत करू. आमच्याकडे थंडीत पाहुण्यांना शेतात भरीत घालतात. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर मोठाली हिरवी-पांढरी वांगी भाजायची, देठाला धरून सोलायची, लाकडी उखळीत ठेचायची. मग लसूण-मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची पुरी. खाली केळीची पानं. आजवर वांगी किती घ्यायची हे आई पाटीवर हात ठेवून सांगायची. नाना म्हणाला, "जास्तीच घेऊ, उरलं त उरलं."

मी म्हटलं, "अंदाजाने कशाला? हिशोब करू. उगीच वाया जातं दर वर्षी."

त्या रविवारी धुळ्यातल्या फ्लॅटमध्ये मी पाच किलो वांगी आणून गॅसवर भाजली. जिन्यात धूर, शेजारचे दार उघडून बघून गेले. बायको पिंपळनेरकडची. तिने ओट्यावरचा वजनकाटा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "आते हाई काय नवं शे तुमनं? वांगासनी परीक्षा ली राह्यनात का?"

"प्रयोग आहे," मी म्हटलं.

"पास झायात का मंग?"

भाजून, सोलून, शेंगदाण्यांसकट तयार भरीत भरलं तीन किलो. पाचाचे तीन. म्हणजे चाळीस टक्के घट. पाहुणे एकशेवीस. माणशी पाव किलो, म्हणजे तीस किलो भरीत हवं. तिसाचे चाळीस टक्के बारा. तीस आणि बारा, बेचाळीस. मी यावलला फोन लावला आणि नानाला सांगितलं, "बेचाळीस किलो. एक किलो इकडे नाही, एक किलो तिकडे नाही."

फोन वहिनीने ओढून घेतला. "भाऊ, तुमचं गनित पुस्तकातलं. वांग्याले ते आयकू येतं का?"

"येईल. माझं नाव सांगा त्याला."

"सांगते. मास्तर रागावतील म्हनते."

आम्ही दोघंही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

साखरपुड्याच्या सकाळी वहिनीचा भाऊ सावद्याहून मोटरसायकलवर केळीची पानं घेऊन आला. मागे पानांचा भारा, हँडलला कापडी थैली. त्याच्या स्वतःच्या बागेत त्या दिवशी केळीची काढणी होती, गाडी भरायची होती, म्हणून तो जेवायला थांबला नाही. वहिनीने त्याला चहा दिला आणि जाताना थैली भरून दिली. मी पऱ्हाट्यांच्या धुरात डोळे चोळत उभा होतो. आई बांधावर बसून लसूण सोलत होती. तिने थैली पाहिली. मीही पाहिली.

पहिल्या पंगती झकास उठल्या. मुलाकडची बायामाणसं घेऊन येणारी गाडी उशिरा पोहोचली, आणि ती पंगत बसेपर्यंत पातेल्याचा तळ दिसायला लागला. वहिनी वाढत होती. तिने डावाने तळ खरवडला, ते सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्या मुलाची आत्या पानावरच्या एवढ्याशा भरिताकडे बघत म्हणाली, "वास ते बठ्ठासले पुरना, मंग भरीत कोठे गयं?"

वास सगळ्यांना पुरला, भरीतच नाही! बायका हसल्या. वाईट हेतूने नाही, पण हसल्या. नाना पळत जाऊन शेवेचं पुडकं घेऊन आला, घाईघाईने शेवेची भाजी झाली, दही फिरलं, वेळ निभावली. साखरपुडा मोडला वगैरे काही नाही. पुतणीचा संसार आज छान चाललाय. पण आमच्या घरचं भरीत पाहुण्यांना कमी पडलं, हे आईला आयुष्यात पहिल्यांदा बघावं लागलं.

संध्याकाळी भांडी घासताना ती वहिनीला म्हणाली, "बेचाळीस किलोचं भरीत एवढंसंच व्हतं का वं?"

वहिनी पातेलं घासत राहिली.

"सकाळी तुह्या भावाची थैली रिकामी आली व्हती. जातानी भरेल व्हती."

"त्यात तुरीच्या शेंगा व्हत्या, आई. पोरांसाठी. तुमच्या पायाची शप्पथ."

आई माझ्याकडे वळली. "तू त हिशोब केला व्हता ना रे? पुरायले पाहिजे व्हतं ना?"

मी म्हणालो, "हिशोबाने पुरायलाच पाहिजे होतं."

इतकंच बोललो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण मी मास्तर. मास्तरचा हिशोब चुकत नाही, मग चुकलं ते माणसाचंच असणार. वहिनीने पातेलं उपडं घातलं आणि गोठ्याकडे निघून गेली.

सोमवारी आठवीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण लिहिलं. शेंगा वाळवल्यावर वजन इतके टक्के घटतं, वाळलेल्या शेंगा इतक्या किलो, तर मूळ ओल्या शेंगा किती? नेहमीचं उदाहरण. मी पोरांना नेहमीसारखं म्हटलं, "टक्का कशाचा?" एक मुलगी उठून म्हणाली, "ओल्याचा, सर." आणि माझ्या हातातला खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला.

ओल्याचा. घट कच्च्या वांग्यांची होते, आणि मी चाळीस टक्के काढले तयार भरिताचे. बेचाळीस किलोतले चाळीस टक्के गेले की पंचवीस किलोच राहतात. तीस किलो हवं तर पन्नास किलो वांगी लागली असती. शेवटची पंगत, जवळजवळ वीस माणसं, मी सातवीच्या पोराने करावी तशी चूक करून उपाशी बसवली होती. थैलीत तुरीच्या शेंगाच होत्या.

त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. समोर सांगावं, फोनवर काय सांगायचं, असं स्वतःला समजावलं. मग गावी गेलो तेव्हा लग्नाची गडबड होती. मग वाटलं, आता आई विसरली असेल, कशाला उकरायचं? ही सगळी कारणं मी तेव्हा खरी मानली. आज लिहायला बसलोय तर सरळ लिहितो. घरात माझा एकच मान होता, हिशोबाचा. नाना शेती करायचा, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, भावकीतली भांडणं मिटवायचा. मला एवढंच येत होतं. ते हातचं जाईल म्हणून मी गप्प बसलो.

आई विसरली नव्हती. भांडण तिने कधी केलं नाही, ती तशी बाईच नव्हती. वहिनीच्या बाळंतपणांत तिने रात्रीच्या रात्री जागून काढल्यात, वहिनीला ताप आला की तीच डोक्यावर पट्ट्या ठेवायची. पण पुढच्या थंडीपासून भरिताचा डाव आईच्या हातात गेला. वहिनी वांगी सोलायची, ठेचायची, फोडणी घालायची, वाढायची वेळ आली की आई म्हणायची, "आन इकडे." वहिनी डाव देऊन टाकायची. आणि वहिनीच्या भावाच्या कानावर कुठून तरी गेलं. तो पुन्हा आमच्या शेतात भरिताला आला नाही. लग्नाला आला, आईच्या दहाव्याला आला, पाया पडला, सगळं केलं. पण थंडीत पानं यायची ती दुसऱ्या कुणाच्या गाडीवर.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ होतो. ती बोलत होती, ऐकत होती, वहिनीच्या हातची पेज पीत होती. सांगायला वेळ होता.

या थंडीत वहिनीचा फोन आला. पुतणीच्या लेकीचं जावळ काढायचं होतं, धुळ्याचीच मंडळी येणार. "भाऊ, किती वांगी सांगू? मानसं तेवढीच, एकशेवीस."

अजूनही मलाच विचारत होती. मी म्हटलं, "पन्नास किलो."

पलीकडून ती अगदी सहज म्हणाली, "तवा त बेचाळीस सांगितले व्हते."

तिला आकडा पाठ होता. तिला तो पाठ असणारच होता, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. आणि मी काय उत्तर दिलं? "भाव उतरलेत, वहिनी. घ्या थोडी जास्त." बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुमना मनमा काय शे?" मी म्हटलं, काही नाही.

भरीत पुरलं. त्याच आत्याबाईंनी दोनदा मागून घेतलं आणि म्हणाल्या, "यंदा भरीत बी शे!" वहिनी त्यांच्यासोबत मोठ्याने हसली. यंदा डाव तिच्याच हातात होता. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात थोडं उरलं. तिने एक स्टीलचा डबा घेतला, भरला, वर पातीचे चार तुकडे टाकले, झाकण लावलं. नानाला म्हणाली, "सावद्याकडे कोनी चाललंय का? माह्या भावाले देलं असतं."

नाना म्हणाला, "मीच जातो ना मोटरसायकलवर."

ती डबा हातात धरून उभी राहिली. मग झाकण काढलं आणि भरीत परत पातेल्यात ओतलं.

"ऱ्हाऊ द्या. परत कोनी मोजायले बसंल," ती म्हणाली, आणि हसली. माझ्याकडे बघूनच हसली, नेहमीसारखी, भाकरी थापताना हसायची तशी. तिला माहीत आहे की नाही, मला त्या हसण्यावरून कळलं नाही. कदाचित बेचाळीस आणि पन्नास ऐकल्याबरोबर तिला सगळं उमगलं असेल, आणि माझं मीच सांगावं म्हणून ती वाट बघत असेल. कदाचित तसं काहीच नसेल. मी हातातला वांग्याचा देठ बांधापलीकडे फेकला आणि हात धुवायला गेलो.

आईचं जे देणं होतं ते आता फिटायचं नाही. वहिनीचं आणि तिच्या भावाचं शिल्लक आहे. थैलीत शेंगा होत्या, हिशोब माझा चुकला होता, आणि ते सोमवारपासून मला ठाऊक होतं, एवढं मला वहिनीला नानाच्या देखत सांगायचं आहे, आणि सावद्याला जाऊन तिच्या भावाला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.