खालून बांधायची गोधडी

माझी जाऊ धुरपदा कमी बोलते, म्हणून अख्ख्या गल्लीला वाटतं, ती गरीब गाय. साक्रीच्या बाजारातसुद्धा बायका मला थांबवून तिच्याच गोधड्यांचं कौतुक ऐकवतात. तिला पोरबाळ नाही. माझा हितेंद्र तिच्याच मांडीवर वाढला, कारण मी दिवसभर शेतात. ते मला तेव्हाही खुपायचं, आजही खुपतं.

हितेंद्र आता वरणगावला नोकरीला आहे. थंडीत मित्रांना घेऊन आमच्याच डोंगरात येतो आणि घरी चांगली खाट असताना दोन झाडांना हॅमॉक बांधून झोपतो. हॅमॉक कसला, तान्ह्या बाळाची झोळीच ती, फक्त बाळाला दाढी आहे. मागच्या खेपेला सकाळी घरी आला तो गारठलेली पाठ चोळत. चुलीपाशी मी बसले होते. मला ओलांडून तो काकूला सांगायला गेला. नुसता जळफळाट झाला माझा.

मग मीच चंग बांधला. जुन्या लुगड्यांचे थर लावून जाडजूड गोधडी शिवली आणि बाळाच्या झोळीत अंथरतात तशी आत अंथरायला दिली. पोरगा एक रात्र तिच्यावर झोपला आणि कुडकुडतच परतला. म्हणाला, "आई, खालून गारच लागतं."

धुरपदाने माझी गोधडी हाताने दाबून पाहिली. "आंगनं वजन पडनं ते बठ्ठी दबी जास," म्हणाली. अंगाखाली सगळी गोधडी दबली की ऊब धरणार कशी? तान्ह्याला वजन नसतं, याला आहे, एवढं साधं मला सुचलं नाही, आणि सुचलं ते हिलाच. तिने दोन मऊ साड्यांत पिंजलेला कापूस सैलसर भरला, विरळ टाके घातले, दोन्ही टोकांना इलॅस्टिकची नाडी ओवली. ही गोधडी आत घालायची नव्हती. हॅमॉकच्या खाली, बाहेरून टांगायची होती.

हितेंद्रने अंगणातच बांधून पाहिलं. निंबाला एक टोक, खांबाला दुसरं. मला म्हणाला, "आई, आधी तू झोपून बघ." पोराने पहिला मान मला दिला म्हणून मी चढले. पाठीला अशी ऊब लागली की डोळेच मिटले.

"अक्का, गरम लागस का?" धुरपदाने विचारलं.

"गारच लागस," मी म्हणाले.

हितेंद्र हसायला लागला. माझ्या कपाळावर घाम होता. मेलं तोंड कुठं लपवावं कळेना. पण ती हसली नाही. "अक्काले लागत व्हई गार. नाडी सैल व्हयनी," म्हणाली, आणि वाकून चांगली असलेली नाडी उगाच आवळत बसली.

निघताना तिनेच त्याच्या बॅगेत दोन्ही गोधड्या भरल्या. "वरतून तुनी मायनी पांघर," माझी गोधडी दाखवत त्याला बजावलं. तो "हो काकू" म्हणाला. मला नुसता हात केला.

वाईट वागली असती तर भांडले तरी असते तिच्याशी.