कचरूच्या कानाविषयी

पिंपळगाव राजाच्या शालिग्रामला बाजाच्या पेट्या दुरुस्त करायला रोहिणखेडच्या कचरूनं शिकवलं. फाटलेला भाता बदलणं, बसलेल्या पट्ट्या उचलणं, पितळी सूर, म्हणजे आवाजाच्या पात्या, घासून स्वरात आणणं, सगळं. पेटी लावून झाली, की "भाऊ, ऐका बरं," म्हणत शालिग्राम ती आधी कचरूला ऐकवायचा. दोघंही खामगावच्या माणिकरावांच्या वाद्यांच्या दुकानासाठी काम करायचे. नोकरी नव्हती. पेटी आली की माणिकराव निरोप धाडत.

चौसष्ट साली श्रावणाच्या तोंडावर भजनी मंडळांच्या पेट्या दुकानात साचल्या. कचरू म्हणाला, "गिऱ्हाइकाकून आठ रुपये घेते अन् आपल्याले दोन देते. आता पेटीमागं चार सांगू. तू खाली उतरू नको, मी बी उतरत नाही."

"हाव, भाऊ," शालिग्राम म्हणाला.

कचरूनं आधी जाऊन भाव सांगितला. माणिकराव नुसते "पाहू" म्हणाले आणि दोन दिवसांनी त्यांनी शालिग्रामला एकट्याला बोलावलं. पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"कचरू चार मांगते. तू अडीचमधी करशीन त बाराही पेट्या तुह्या."

एसटीत शालिग्राम 'चार, चार' असं मनात घोकत आला होता. तोंडातून निघालं, "जमते." तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण खुर्चीवर बसून, कोणी न विचारता तो म्हणाला, "तसा कचरूभाऊचा कान आता पहिल्यासारखा नाही राह्यला."

अकरा पेट्या झाल्या. बाराव्या पेटीचा खर्जातला सूर काही केल्या लागेना. घासून घासून पितळ पातळ झालं. शेवटी पेटी घेऊन तो रोहिणखेडला गेला. कचरूची बायको जनकाबाई हिनं पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. कचरूनं पेटी उघडली, जुन्या डब्यातला एक सूर काढून बसवला, दोनदा कानस फिरवली. सूर लागला.

"दुकानात मले लोक इचारून राह्यले," तो पेटी बंद करत म्हणाला, "डाक्तरले कान दाखवला का म्हणून."

शालिग्रामची मान वर होईना. "भाऊ, ते मीच बोललो."

"मालूम हाय. भाव तोडला, त्याचं काही नाही. पोट सगळ्यायले हाय. पन कानाचं काऊन बोलला बे?"

शालिग्राम पेटी उचलून निघाला.

दुसऱ्या दिवशी भरल्या दुकानात तो माणिकरावांना म्हणाला, "कचरूभाऊच्या कानाचं मी खोटं बोललो. हे पेटी त्यायनंच लावली. अन् यापुढं मी बी चारच घेईन."

माणिकरावांनी त्या मोसमात अकोल्याहून कारागीर आणला. त्याचं काम मंडळांना पटलं नाही, तेव्हा दिवाळीनंतर दोघांना साडेतीन रुपयांवर परत बोलावलं. कचरू आला. एकाच बाकावर बसून दोघांनी पुढं वर्षानुवर्षं काम केलं. पण पेटी लावून झाली, की "भाऊ, ऐका बरं," असं म्हणायची शालिग्रामची हिंमत पुन्हा कधी झाली नाही.