पत्र्यावरचे दगड

१९९४ साल. मी चौपन्न वर्षांचा होतो. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलेलं आणि डोंबिवलीच्या आमच्या केमिकल कारखान्यात मालकाने एक इंजिनीयर बाई बोलावल्या. जमीन हलली तर अमोनियाची टाकी तग धरेल का, ते बघायला.

टाकी माझ्या ताब्यात. शाळा चौथीपर्यंत, पण काही झालं तर मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा तो मीच, असं मालकाने ठरवून दिलेलं. त्यासाठीच मागच्या भिंतीला लागून मला खोली दिलेली. बायको त्याच खोलीत वारली. मुलगा शहाडला राहतो, तो म्हणायचा, "बाबा, या इकडे." मी गेलो नाही. त्याच्या घरी मी पाहुणा. इथे माझ्या जिवावर कारखाना रात्री निवांत झोपायचा.

बाईंनी टाकीचे पाय बघितले, बोल्टवर हातोडी मारून आवाज ऐकला, पाइप टाकीला जोडतो तिथे खडूने खूण केली. मग विचारलं, "काका, हादरा बसला तर व्हॉल्व्ह कोण बंद करणार?"

"मी. बाजूलाच राहतो."

"खोली दाखवा."

त्या आत आल्याच नाहीत. दाराबाहेर उभं राहून वर छपराकडे बघत राहिल्या. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आम्ही वर खाणीतले काळे दगड ठेवलेले. आमच्याकडे सगळेच ठेवतात.

"हे आधी तुमच्या डोक्यात पडणार."

"इतके पावसाळे गेले, नाही पडले."

"पावसाळ्यात जमीन हलते का, काका? तुम्हीच खाली दबलात तर व्हॉल्व्हपर्यंत जाणार कोण?"

मी चिडलो. "मला बाहेर काढायला माणसं आहेत, बाई."

"कोण?"

"पहिल्या पाळीची पोरं येतात."

"आणि रविवारी? कारखाना बंद. तुम्ही दिसला नाहीत, तर कोणाच्या लक्षात येईल?"

वॉचमन होता, पण पुढच्या गेटवर, आणि नळाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून आमचं बोलणं बंद.

जाताना बाई म्हणाल्या, "दगड राहिले तर इथे माणूस ठेवू नका, असं मला मालकांना सांगावं लागेल."

रात्री भाकरी भाजली. गेल्या रविवारी माझ्याशी कोण बोललेलं, ते आठवत बसलो. कोणीच नाही. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर शिडी लावली आणि दगड उतरवायला घेतले. धपाधप आवाज ऐकून वॉचमन मागे आला.

"काय म्हातारबा, घर मोडताय काय?"

"बघत काय उभा राहिलास? शिडी धर."

त्याने धरली. दगड संपल्यावर पत्रे तारेने वाशांना आवळले, खाली उतरलो, हात झटकले आणि त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "रविवारी ड्युटीवर आलास की मागे येऊन मला एक हाक मारत जा."