इस्त्री केलेले हात

शिंप्याच्या त्या दुकानात सगळे तिला काजताई म्हणत. कोटाची काजं हातानं घालणारी म्हणून. वीस वर्षं एकच काम: बटणापुरती चीर द्यायची आणि कडेनं टाक्याला टाका लावत जायचं. मास्तर गिऱ्हाइकाला सांगायचे, "उलटं करून बघा. आतूनसुद्धा नाकीडोळी नीटस."

गेल्या वर्षापासून मात्र सकाळ तिची राहिली नव्हती. उठलं की दोन्ही हात लाकडाचे. मूठ मिटत नसे. देवापुढे हात जोडले तर तळवे टेकत नसत, मधे फट राहायची. देवाला तेवढं चालत असावं, असं धरून ती तसेच जोडायची. मग गरम पाण्यात हात बुडवायचे, दुखण्याची एक गोळी घ्यायची. दहापर्यंत बोटं कामापुरती सुटायची आणि दुकान उघडायचं अकराला. कुणाला कळायचं कारण नव्हतं. कळलं असतं तर मास्तरांनी काजांचं मशीन आणलं असतं, आणि मग तिचं काय काम? याची भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. अंगात सारखी बारीक कणकण आणि थकवा. भीतीला जागाच उरली नसावी.

घरात मोठ्या जाऊबाई होत्या. त्यांनी तिला पकडलं ते बरणीच्या झाकणावरून.

"दातानं उघडतेस? माकडीण झालीस का?"

"वय झालं, जाऊबाई."

"मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी. ही माझी बोटं, आणि ही तुझी. गाजरं लावलीत हाताला. उद्या डॉक्टरकडे चल. रडायचं असेल तर वाटेत रडून घे."

ती रडली नाही. पण गिऱ्हाइकापुढे चुरगळलेला कपडा ठेवायचा नाही, ही दुकानाची शिस्त हाडात भिनलेली. मग डॉक्टरीणबाईंपुढे हात तरी तसेच कसे ठेवायचे? डॉक्टरीणबाईंनी दुपारची वेळ दिली होती. तिनं गरम पाणी केलं, एकाच्या जागी दोन गोळ्या घेतल्या, तेल चोळून बोटं सरळ केली. बाईंनी स्वतःची दोन बोटं पुढे करून दाबायला सांगितली, तर तिनं जीव खाऊन दाबली. सकाळी किती वेळ आखडतात, या प्रश्नाला "थोडा वेळ" म्हणाली.

"सूज आहे," बाई म्हणाल्या. "रक्त तपासून, हातांचे फोटो काढून आठवड्यात या."

बाहेर बसलेल्या जाऊबाईंना तिनं सांगितलं, सगळं ठीक निघालं, आणि तपासण्यांचा कागद घरी रिळांच्या डब्यात तळाशी ठेवला.

चार महिन्यांनी सुई शोधताना जाऊबाईंच्या हाती तो लागला. "हा काय, पुरून ठेवायचा दागिना आहे?" एवढंच बोलल्या. या खेपेला त्यांनी आधी तपासण्या करून घेतल्या, मग सकाळी आठची वेळ घेतली. गरम पाणी नाही, गोळी नाही.

डॉक्टरीणबाईंनी एकेक सांधा दाबून मोजला. मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं. चौदा दुखरे, दहा सुजलेले, दोन्ही हातांचे सारखेच.

"आखडलेपण किती वेळ?"

"दोन तास."

"मागे थोडा वेळ म्हणालात."

"मागे हात इस्त्री करून आणले होते."

बाई हसल्या नाहीत. रक्ताचे कागद बघून म्हणाल्या, "हा वयाचा संधिवात नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटलीय. दुखण्याची गोळी दुखणं झाकते, झीज थांबवत नाही."

अस्तर म्हटल्यावर तिला सगळं समजलं. फोटोत उजव्या हाताच्या दोन बोटांची हाडं कडेला कुरतडल्यासारखी दिसत होती.

"हे भरून येणार नाही. पुढचं थांबवू. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जिवावर बेतेल. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, अधूनमधून रक्त तपासावं लागेल."

चार महिने आधी सुरू झाली असती तर, हे तिनं विचारलं नाही. जाऊबाईंनीही नाही.

तिथून ती तशीच दुकानात गेली आणि कापायच्या टेबलावर हात ठेवले. "मास्तर, हे असे आहेत."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ठाऊक आहे. गेले सहा महिने संध्याकाळी तू घरी गेलीस की तुझी काजं उसवतो आणि पुन्हा घालतो."

"बोलला नाहीत."

"तू बोललीस?" ते कापड मोजू लागले. "माझेही डोळे आता साथ देत नाहीत. मशीन सांगितलंय. सोमवारी येईल."

"बरं," ती म्हणाली. सुईत दोरा ओवून घ्यायला तिनं ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून ओवून दिली.

तीन महिन्यांनी मूठ मिटायला लागली, ती दोन बोटं सोडून. सकाळचं आखडणं अर्ध्या तासावर आलं. आता बाकीची काजं मशीन घालतं. ती बटणं लावते, तुरपाई करते, आणि दिवसाला एक, कोटाच्या छातीवरचं काज तिच्याकडे येतं. संध्याकाळी कोट टांगताना ती ते उलटं करून बघते. मास्तरांनी हात लावला की टाक्यावरून कळतं.

हे एक काज सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन उसवली. तिसऱ्या आठवड्यात सगळी तिचीच होती. तिनं कोट टांगला आणि घरी गेली.